देवयानी कशी शोधायची, आणि तिच्या पल्याडचं

देवयानी ही दीर्घिका, म्हणजे असंख्य ताऱ्यांचा दूरचा समूह (गॅलक्सी). ती बघायला नोव्हेंबरात अमावास्येच्या आसपासची रात्र धरा. चंद्र असेल तर खटाटोप नकोच. आम्ही नारायणगावबाहेर मळ्यात राहतो. जेवणं उरकली की नऊच्या सुमारास मी घरातले, गोठ्यातले दिवे घालवते आणि दिवाळीला आलेल्या भाचीला घेऊन गच्चीवर चटई टाकते. वीस मिनिटं नुसतं बसायचं. मोबाइल खालीच ठेवायचा, टॉर्चला लाल जिलेटीन कागद दोन पदरी गुंडाळायचा. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय काही हाती लागत नाही.

मग उत्तरेकडे तोंड करा. क्षितिज आणि माथा यांच्या मधोमध शर्मिष्ठा तारकासमूहाचे पाच तारे एम अक्षरासारखे दिसतील. त्यातलं डावीकडचं वरचं टोक, म्हणजे डावीकडून दुसरा तारा, पकडा. हात ताणून मूठ वळा आणि त्या टोकापासून सरळ वर, माथ्याच्या दिशेनं, दीड मूठ मोजा. दुधाचं बोट पुसल्यासारखा लांबट डाग दिसेल, तीच देवयानी दीर्घिका. दिसत नसेल तर रोखून पाहू नका, नजर जराशी बाजूला ठेवा. मंद उजेड डोळ्याच्या कडेला जास्त कळतो. 10×50 ची दुर्बीण असेल तर कोपरं कठड्यावर टेका, नाहीतर डाग नाचत राहतो. हा उजेड 25 लाख वर्षांपूर्वी निघालाय.

"मावशी, हिच्या मागे काय आहे?" भाचीनं विचारलं.

मागे आणखी दीर्घिका आहेत, त्यांच्याही मागे आहेत. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पुढची दीर्घिका मागचीला नेहमी झाकतेच असं नाही, कधी कधी तीच ती दाखवते. हे घरी करून बघा. दांडीचा काचेचा ग्लास फुटला तर त्याचा गोल पाय टाकू नका. तुटलेल्या दांडीला चिकटपट्टी लावा. कागदावर निळ्या पेनानं ठळक ठिपका काढा, पाय त्यावर वीतभर उंच धरा आणि हळूहळू सरकवा. दांडी बरोबर ठिपक्यावर आली की ठिपक्याचं कडं होतं, जरा सरकली की दोन कमानी. काच वाकवते तसाच दीर्घिकेचं वस्तुमान मागून येणारा उजेड वाकवतं आणि वाढवतं.

आमच्या शेजारच्या खोडदला हेच कामी आलं. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या. एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची 21 सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर 880 कोटी वर्षं प्रवास करून, ताणली जाऊन, 48 सेंटिमीटरची होऊन तिथे पोहोचली. एवढ्या लांबून ती टिपता आली, कारण वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेनं ती सुमारे 30 पट वाढवली होती. 2023 च्या जानेवारीत हे जाहीर झालं.

भाचीनं तो काचेचा पाय रुमालात गुंडाळून दप्तरात ठेवलाय.