एकच प्लॉट दोघांना विकला, आता ४२० लावायची का?

पहिलं म्हणजे ४२० (जुन्या भारतीय दंड संहितेतलं फसवणुकीचं कलम) आता जुनं झालं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आलीये आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये गेलीये, फसवून पैसे किंवा मालमत्ता काढून घेतली तर ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा अन दंड. व्यवहार त्या तारखेच्या आधीचा असेल तर मात्र ४२० च लागणार.

खरी मेख इथेच आहे, समोरच्याची नियत सुरुवातीपासूनच खोटी होती हे दाखवावं लागतं. नुसतं पैसे घेतले अन खरेदीखत करून देईना म्हणालात तर पोलीस म्हणतील दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा (आणि कधीकधी ते बरोबरही असतं बरं का). पण तुमच्याकडून इसार घेतला त्या दिवशी प्लॉट आधीच दुसऱ्याच्या नावे रजिस्टर झालेला होता, तर विषयच वेगळा. म्हणून आधी दुय्यम निबंधकाकडून इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) काढा, सातबारा आणि फेरफार बघा, तारखा जुळवा, आणि तक्रारीत तारीखवार लिहा, "मला फसवलं" एवढ्यावर भागत नाही.

खोटी सही किंवा बनावट कुलमुखत्यारपत्र असेल तर न्याय संहितेची बनावट दस्ताची कलमं ३३६, ३३८, ३४० पण येतात.

पोलीस ठाण्यात तक्रार घेतली नाही तर एसपी किंवा आयुक्तांना लेखी तक्रार पाठवा, पोच जपून ठेवा, तरी हललं नाही तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. खरेदीखत रद्द करायला मात्र दिवाणी दावाच लागतो, एफआयआरने ते होत नाही.