माळ्यावरची वेब्ली: वडिलोपार्जित बंदूक वारसांनी कशी तपासावी आणि तिचे पुढे काय करावे

मराठवाड्यातील जुन्या पाटील-देशमुखांच्या वाड्यांत एखादी दुनळी बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप) बंदूक आजही निघते. ती निजामाच्या अमदानीत घेतलेली असते किंवा 1948 नंतरच्या वर्षांत. अंबाजोगाईजवळच्या आमच्या आजोळी मामा वारले, तेव्हा तेराव्यानंतर सर्वांच्या मनात एकच प्रश्न होता: ‘नळीवर वेब्ली अँड स्कॉट असे नाव आहे, म्हणजे किती लाख येतील?’ वेब्ली अँड स्कॉट हा इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा जुना बंदूक कारखाना. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे शिकायला मिळाले, ते अशाच पेचात सापडलेल्या घरांसाठी येथे लिहीत आहे.

किमतीचा विचार नंतर करावा, कायद्याचा आधी. परवाना व्यक्तीच्या नावाने असतो, घराच्या नावाने नव्हे; त्यामुळे परवानाधारक वारल्यावर ती बंदूक घरात ठेवण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 21 नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. दोन्ही मार्ग कायदेशीर असले तरी माझा कल विक्रेत्याकडे आहे. मामांची बंदूक आम्ही एका ठाण्यात ठेवली आणि दोन पावसाळ्यांनंतर ती हाती आली, तेव्हा नळ्यांच्या तोंडाशी गंजाचे तांबूस कडे चढले होते, दस्त्याला भेग गेली होती आणि पावतीवर मूळ स्थितीची नोंदच नसल्याने तक्रार करायलाही जागा नव्हती. म्हणून जमा कोठेही करा, पण पावतीवर बंदुकीचा क्रमांक, बोअर आणि त्या दिवशीची स्थिती लिहून घ्या, आणि शक्य असल्यास छायाचित्रही जोडा.

त्यानंतर विक्रेत्याच्या टेबलावर, त्याच्याच हातून बंदूक उघडून घ्यावी. नळ्या रिकाम्या असल्याची खात्री झाली की तो नळ्यांखालचा लाकडी भाग काढतो आणि नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करतो. आपल्याला वाचायचे असते ते नळ्यांच्या पोटाशी, खजिन्याजवळच्या, म्हणजे काडतूस बसते त्या भागाजवळच्या, सपाट पट्टीवर. वर्षानुवर्षांचे तेल तेथे गुळाच्या पाकासारखे घट्ट झालेले असते. ते मऊ कापडाने पुसले की तांदळाच्या दाण्याएवढे मुकुट आणि अक्षरे दिसू लागतात. हे शिक्के कारखान्याचे नसून परीक्षागृहाचे असतात. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह 1813 पासून जादा भाराची काडतुसे उडवून प्रत्येक नळीची परीक्षा घेत आले आहे. मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी असे तीन निरनिराळे शिक्के असतील, तर ती परीक्षा 1904 ते 1954 या काळातली. मुकुटाखाली बीएनपी हा एकच शिक्का असेल, तर 1954 नंतरची. मामांच्या बंदुकीवर पहिले तीन होते. या अक्षरांतील एन हे अक्षर नायट्रोचे, म्हणजे बिनधुराच्या दारूचे आहे. ते कोठेही नसेल, किंवा नळीवर लाटांसारखी दमास्कस नक्षी असेल, तर ती बंदूक काळ्या दारूच्या काळातील समजावी आणि तीत आजचे काडतूस घालू नये. खजिन्याची लांबीही पाहावी. जुन्या इंग्रजी बंदुका बहुधा अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरच्या असतात. 70 मिलिमीटरचे काडतूस त्यांत शिरते, पण उडताना त्याचे तोंड पुरते उघडायला जागा मिळत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीवर जातो. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ नावाची काडतुसे घेतानाही खोक्यावरील लांबी वाचल्याशिवाय घेऊ नयेत.

वरच्या पट्टीवरील नावावर मात्र लगेच विश्वास टाकू नये. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा या पेढ्यांचे नाव असेल, तर ते अनेकदा विकणाऱ्याचे असते, घडवणाऱ्याचे नव्हे. वेब्ली अँड स्कॉट हा कारखाना स्वतःच दुसऱ्या पेढ्यांच्या नावाने बंदुका घडवून देत असे.

नाव खरेच वेब्लीचे निघाले, तर त्या घराण्याचे पुढे काय झाले हे समजून घ्यायला हवे, कारण दुरुस्ती आणि किंमत या दोन्ही गोष्टी त्यावरच ठरतात. 1887 पासून ब्रिटिश सैन्याला रिव्हॉल्व्हर पुरवणारे वेब्ली घराणे 1897 मध्ये स्कॉट घराण्याशी एकत्र आले. 1932 मध्ये सरकारने एनफिल्डच्या सरकारी कारखान्यातील रिव्हॉल्व्हर स्वीकारले आणि मोठा आधार गेला. उरला तो खाजगी गिऱ्हाईक. पण कानशीने घासून एकेक भाग बसवणाऱ्या कारागिराची मजुरी आणि यंत्रावर निघणाऱ्या स्वस्त परदेशी बंदुकीची किंमत यांचा मेळ बसेना. 1965 मध्ये याच कंपनीने ग्रीनर हे दुसरे जुने घराणे विकत घेतले, आणि 1979 मध्ये तिच्या स्वतःच्या बंदुकांचे उत्पादनही थांबले. पुढे हवेच्या बंदुकांवर तग धरलेला बर्मिंगहॅमचा कारखाना 2005 मध्ये बंद पडला. आपल्याकडेही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपवली आणि 1980 च्या दशकात सामान्य परवानाधारकासाठी आयात जवळपास बंद झाली. आज रोही आणि रानडुकरे तुरीचे शेत रात्रीत झोपवतात, तरी वन विभागाच्या परवानगीशिवाय त्यांच्यावर बंदूक चालवता येत नाही.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की मोडलेल्या कमानीचा (स्प्रिंगचा) किंवा पिनेचा सुटा भाग मूळ कारखान्याकडून येणार नाही. तो परवाना असलेल्या कारागिराकडून हाताने घडवून घ्यावा लागेल. जत्रेत विळे-कोयते करणाऱ्याकडे बंदूक नेऊ नये, आणि नळी आखूड करणे तर सरळ गुन्हा आहे. लाखांच्या ज्या कथा कानावर येतात, त्या बहुधा जुन्या विदेशी पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या असतात. दुनळीला तशी मागणी मला कोठेही दिसली नाही. उत्तर प्रदेशातील संडीला येथे अलीकडे वेब्लीच्या नावाने .32 बोअरची रिव्हॉल्व्हर बनू लागली आहे, पण त्या नावाचा तुमच्या जुन्या बंदुकीच्या किमतीशी संबंध नाही.

बंदूक घरात राहावी असे वाटत असेल, तर वारसांपैकी एकाने, इतरांची संमती, मृत्यूचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्रहाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा. छत्रपती संभाजीनगर शहरात तो पोलीस आयुक्तांकडे जातो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाच्या धरून, आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. वडीलधारे हयात असतील, तर त्याहून सोपी वाट आहे: सत्तर वर्षे वय झाले किंवा बंदूक पंचवीस वर्षे जवळ असली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून त्यांना वारसाचे नाव स्वतः सुचवता येते. मामांनी हे केले असते, तर बंदुकीचे दोन पावसाळे वाचले असते.

आमच्याकडे परवाना शेवटी मामांच्या धाकट्या मुलीने घेतला. तिने गंज काढून घेतला, भेगेत सरस भरून घेतला, आणि आता नळ्या एका कपाटात व दस्ता दुसऱ्या कपाटात कुलपाखाली असतो. दर पावसाळ्याआधी ती दोन्ही बाहेर काढून तेलाचे फडके फिरवते.