क्रॉस कंट्रीला निघताना हातातलं जीपीएस

सीपीएलचे (व्यावसायिक वैमानिक परवान्याचे) २०० तास भरायला गोंदियाच्या बिरसी विमानतळावर येणाऱ्या बहुतेकांच्या बॅगेत आता टॅबलेट नाहीतर हातात मावणारं जीपीएस असतंच. ते वापरावं की वापरू नये, हा वाद मला फिजूल वाटतो. क्रॉस कंट्रीत, म्हणजे एका विमानतळाहून दुसऱ्याकडे उडताना, धुरकट हवेत ते सोबत असलेलं बरं. हवेत असताना त्यात किती वेळ डोकं घालायचं, एवढाच खरा मुद्दा. माझ्या मते एका वेळी दोन-तीन सेकंद. ज्या कामाला त्याहून जास्त वेळ लागतो ते जमिनीवरच उरकून घ्यावं.

आधी खरेदीचं. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसते. सिमवालं मॉडेल घ्या (सिम टाकलं नाही तरी चालतं), नाहीतर वेगळा ब्लूटूथ रिसीव्हर जोडावा लागेल. बाहेर देशातून येणाऱ्या काही हँडहेल्डमध्ये उपग्रहामार्फत मेसेज पाठवायची सोय असते. भारतात परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं गुन्हा आहे, आणि त्यापायी विमानतळावर लोकांना अटकही झालेली आहे. अमेरिकेतल्या मामाने भेट म्हणून पाठवलं तरी कायदा तोच.

उन्हाचंही ऐकून ठेवा. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असं ॲपलच सांगतं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, कॉकपिटच्या काचेआड तर त्याहून जास्त. टॅबलेट तापून बंद पडतो तो नेमका गरजेच्या वेळी. म्हणून तो डॅशवर ठेवू नका, नीबोर्डला, म्हणजे मांडीला बांधायच्या पाटीला, लावा आणि कागदी चार्ट, पेन्सिल, घड्याळ हाताशी असू द्या.

आता आदल्या रात्रीचं काम. नकाशे डाउनलोड करा, डेटाबेसची तारीख पाहा. तो दर २८ दिवसांनी बदलतो. वेपॉइंट (वाटेतले ठरवलेले बिंदू) हाताने टाकत असाल तर आकड्यांची पद्धत तपासा. एआयपीत (विमानतळांची अधिकृत माहिती-पुस्तिका) अंश-मिनिट-सेकंद दिलेले असतात, यंत्र बरेचदा मिनिटांचे दशांश मागतं. ५० सेकंद म्हणजे ०.८३ मिनिट. तिथे ०.५० टाकलंत तर अक्षांशात बिंदू ६०० मीटरने सरकला. ताळा करायला एक सोपी रीत आहे: चार्टवर पट्टी आणि प्रोट्रॅक्टर लावून अंतर-दिशा काढा आणि यंत्राच्या आकड्यांशी जुळवा. गोंदियाहून नागपूर सुमारे ७४ सागरी मैल, दिशा साधारण २५० अंश. यंत्र भलतंच काही दाखवत असेल तर आकडा कुठेतरी चुकलाय.

हवेत गेल्यावर स्क्रीनवर चारच गोष्टी ठेवा: बेअरिंग (बिंदू ज्या दिशेला आहे ती), ट्रॅक (विमान जमिनीवरून खरोखर सरकतंय ती दिशा), ग्राउंड स्पीड (जमिनीच्या मानाने वेग) आणि पुढच्या बिंदूपर्यंतचा वेळ. नवी पोरं नाक बिंदूच्या दिशेने धरून बसतात. बाजूचा वारा विमान ढकलत राहतो, ती पुन्हा नाक वळवतात, आणि सरळ रेघेऐवजी वाकडी कमान तयार होते. त्यापेक्षा ट्रॅकचा आकडा बेअरिंगच्या आकड्याइतका येईपर्यंत हेडिंग (नाकाची दिशा) बदला आणि मग तेच हेडिंग धरा. वाऱ्याचा हिशेब त्यातच होऊन जातो. वेळेचंही तसंच. १०० नॉट (तासाला १०० सागरी मैल) धरून नागपूर ४४ मिनिटांवर असतं. समोरून १५ नॉट वारा असेल तर ५२. ही वरची ८ मिनिटं इंधनाच्या हिशेबात लगेच लिहा.

बाकी वेळ नजर बाहेर. आमचे इन्स्ट्रक्टर ओरडायचे, "मशिनीत काय पाहून राहिला बे, खाली पाय ना!" खाली पाहायचं, पण काय पाहायचं हेही ठरलेलं हवं. भंडारा-गोंदियात तलाव ही खूण धरू नका. मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, इतके आहेत की वरून सगळे सारखेच दिसतात, आणि उन्हाळ्यात निम्मे ओळखूच येत नाहीत. रेल्वे, नदी आणि धुराडी खात्रीची. नागपूरला जाताना तिरोड्याच्या वीजकेंद्राची धुराडी, मग वैनगंगा, उजव्या हाताला तुमसर, डाव्या हाताला भंडारा. खिडकीतून आधी खूण ओळखा, मग यंत्राला विचारा. हा क्रम उलटा झाला की मन जे हवं तेच पाहतं.

उन्हाळ्यात जीपीएस आणि अल्टिमीटरची (हवेच्या दाबावरून उंची सांगणाऱ्या यंत्राची) उंची जुळत नाही म्हणून काही जण घाबरतात. यंत्र बिघडलेलं नसतं. अल्टिमीटर प्रमाण वातावरण, म्हणजे प्रत्येक उंचीला ठरवून दिलेलं तापमान आणि दाब, धरून चालतो. हवा त्यापेक्षा १० अंश गरम असली की खरी उंची साधारण ४ टक्क्यांनी जास्त भरते. नागपूरची धावपट्टी सुमारे १,००० फुटांवर, तिथलं प्रमाण तापमान १३ अंश. पारा ४३ वर आणि वरच्या हवेतही तेवढाच फरक असेल तर धावपट्टीपासून ३,००० फुटांवर साडेतीनशे फुटांची तफावत येते. तरी उडायचं अल्टिमीटरवरच, टॉवरने दिलेलं क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरून काढलेला हवेचा दाब) लावून, कारण आसपासची सगळी विमानं त्याच मापाने उडतात.

'डायरेक्ट टू' बटणाबद्दल जरा जपून. ढग टाळायला वळलात आणि ते दाबलंत की यंत्र तिथून सरळ रेघ मारतं. ती निर्बंधित क्षेत्रातून किंवा नागपूरच्या कंट्रोल झोनमधून (टॉवरच्या ताब्यातल्या हवाई हद्दीतून) जाते का, हे तुम्हीच पाहायचं. आणि ग्राउंड स्पीड अचानक उडी मारू लागला, विमान नकाशावर भलतीकडे दिसलं, तर यंत्र सोडा. हेडिंग, घड्याळ आणि चार्टवर या.

सरावासाठी विमान भाड्याने घ्यायची गरज नाही. गोंदिया-नागपूर रेल्वेत स्लीपरच्या खिडकीशी बसा. एसी डब्याच्या काचेतून सिग्नल नीट येत नाही. नागपूर वेपॉइंट म्हणून टाका. रूळ वळले की ट्रॅक आणि बेअरिंग वेगळे होताना दिसतात, तुमसर रोड स्टेशन गेलं की पुढचा वेळ बदलतो. बटणं न पाहता सापडेपर्यंत हा प्रवास करा आणि मगच ते यंत्र नीबोर्डला लावा.