खास वाहनासाठी टायर बनवून घेताना या चुका टाळा

दलदलीत चालणारे वाहन असो वा फिरती क्रेन, बाजारात योग्य माप मिळाले नाही की टायर नव्याने बनवून घेण्याचा विचार पुढे येतो. मग टायरच्या अभियंत्याला पहिल्याच पत्रात बाहेरचा व्यास आणि आवडलेल्या नक्षीचा फोटो पाठवला जातो. घोळाला सुरुवात होते ती इथेच. वाहनाचा भार रबर पेलत नाही. तो आत कोंडलेली हवा पेलते, आणि रबर व दोऱ्यांचे थर त्या हवेला फक्त धरून ठेवतात. ढोबळ हिशेबाने 2.5 बार (बार हे हवेच्या दाबाचे एकक) दाबाच्या टायरवर 1,000 किलो भार आला, तर जमिनीवर त्याचा सुमारे 400 चौरस सेंटीमीटरचा ठसा उमटतो, आणि दाब दुप्पट केला की तो ठसा निम्मा होतो. लहान टायरला तोच भार पेलायला जास्त दाब लागतो, म्हणून ‘टायर दिसायला लहान असावा, पण मऊ जमिनीत रुतायला नको’ ही मागणी कितीही पैसे मोजले तरी पुरी होत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र भागाकाराची आहे. समजा, चार चाकांच्या फिरत्या क्रेनचे वजन 6 टन आहे; मालक सरळ भागाकार करून प्रत्येक चाकाला 1,500 किलो लिहून देतो आणि 122 भारांकाचा (टायर किती भार पेलू शकतो हे सांगणाऱ्या ठरावीक आकड्याचा) टायर ठरतो. प्रत्यक्षात क्रेनचा हात बाजूला वळला की मागच्या एकाच चाकावर 2,200 किलो येऊ शकतात, आणि तेवढ्या भाराला 136 भारांक लागतो. त्यामुळे टाक्या भरून, अवजारे चढवून आणि क्रेनचा हात सर्वांत अडचणीच्या कोनात ठेवून प्रत्येक चाकाखाली वजनाचा काटा लावावा. हा भार वाहन उभे असतानाच येतो की चालतानाही येतो, हे मात्र आवर्जून कळवावे, कारण उभा टायर चालत्या टायरपेक्षा बराच जास्त भार सोसतो, आणि ही एक ओळ लिहायची राहिली तर विनाकारण जाड आणि कडक टायर गळ्यात पडतो.

वेगाबाबतही असेच घडते. ‘ताशी 40 किलोमीटर’ एवढ्याने काहीच ठरत नाही. दहा मिनिटे की सलग तीन तास, हे सांगावे लागते. प्रत्येक फेरीत टायर दबतो आणि पूर्ववत होतो, त्यात खर्च झालेल्या ऊर्जेचा काही भाग उष्णता होऊन आतच साठतो, आणि रबर ती उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. खाणीतल्या अवजड टायरांची निवड सरासरी भार आणि सरासरी वेग यांच्या गुणाकारावरून करतात, ती याच कारणाने. विमानाचे जुने टायर अवजड ट्रेलरला लावण्याचा मोह समजण्यासारखा आहे, परंतु ते टायर जवळजवळ एक तृतीयांश उंचीने दबून थोडा वेळ धावायचे आणि नंतर थंड व्हायचे, अशाच कामासाठी घडवलेले असतात. लांबच्या सलग प्रवासात ते आतून तापतात आणि थर सुटू लागतात.

रिम शेवटी बघू, असे कधीही म्हणू नये. 16 इंची टायर 16.5 इंची रिमवर चढवण्याच्या प्रयत्नात बीड, म्हणजे टायरची रिमवर बसणारी तारांची कड, तुटून माणसे दगावली आहेत. अर्ध्या इंचाचा फरक नजरेला जाणवत नाही, शिवाय दोन्ही रिमांवर बीड बसण्याच्या जागेचा उतारही वेगळा असतो. शक्यतो प्रमाणित रिम निवडून तिच्याभोवती टायर आखावा. रिमही खास आणि टायरही खास, असा हट्ट धरल्यास पुढे बदली भाग मिळणे दुरापास्त होते.

खर्चाचा मोठा वाटा साच्याचा असतो. त्यामुळे अस्तित्वात असलेल्याच साच्यात दोऱ्यांचे थर किंवा रबराचे मिश्रण बदलून काम भागते का, हे आधी विचारावे. नक्षी तपासायची असेल तर सपाट ट्रेडच्या (जमिनीला टेकणाऱ्या पृष्ठभागाच्या) टायरवर ती हाताने कोरून घेता येते. साचा करायचाच ठरला, तर खाचा थोड्या खोल ठेवाव्यात. टायरवरची खाच म्हणजे साच्यातला उंचवटा. तो नंतर तासता येतो, पण धातू चढवून वाढवणे फार कटकटीचे असते.

गोदामाच्या फरशीवर काळे डाग पडू नयेत म्हणून काजळीविरहित रबर मागितले, तर वीज वाहून नेणारी काजळीच नसल्याने टायरमधून स्थिर वीज जमिनीत उतरत नाही. अशा वाहनाला अर्थिंगची पट्टी लावावी. वाहन सार्वजनिक रस्त्यावर येणार असेल तर तिथल्या मंजुरीचे नियम आराखड्याआधीच तपासावेत.

पहिला नमुना हाती आला की लगेच मापे घेऊ नयेत. हवा भरल्यावर दोरे ताणले जातात आणि टायर, विशेषतः तिरप्या थरांचा, किंचित वाढतो; तेव्हा एक दिवस दाबाखाली ठेवून मगच मडगार्डपासूनचे अंतर मोजावे, आणि तेही स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून. नंतर ट्रेडला रंग लावून चाक पूर्ण भारासह जाड पुठ्ठ्यावर उतरवावे व पुन्हा उचलावे. ठशाच्या दोन्ही कडा गडद आणि मधला भाग फिका दिसला तर हवा कमी किंवा भार जास्त आहे. मधलाच पट्टा गडद असेल तर दाब जास्त आहे. दाब हिशेबाप्रमाणे असूनही कडा गडदच येत असतील, तर रिमची रुंदी टायरला जास्त होते आहे का, हे पाहावे. चाचणीला निघण्यापूर्वी रिम आणि साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) यांवरून खडूची एकच सरळ रेघ ओढावी. परतल्यावर रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले तर बीड रिमवर घसरत आहे, आणि एवढ्या कमी दाबावर ते वाहन चालवायचेच असेल तर बीड आवळून धरणारी रिम घ्यावी लागेल.