तांब्यापासून दीपमाळेपर्यंत : रोजच्या रेखाटनाची सवय

रोज एक रेखाटन करायचे ठरवल्यावर आठ-दहा दिवसांत वही कपाटात जाते, आणि याचे कारण बहुधा हात वळत नाही हे नसते. आज काय काढायचे हे ठरवण्यातच वेळ निघून जातो, हे असते. म्हणून विषय आदल्या रात्रीच नक्की करावा आणि ती वस्तू वहीशेजारी काढून ठेवावी. वेळही रोजच्या एखाद्या कामाला जोडून घ्यावी. सकाळचा चहा झाल्यावर कपबशी धुवायला टाकण्यापूर्वी ती कपबशीच पंधरा मिनिटे समोर ठेवून काढली, तर वेगळा वेळ शोधावा लागत नाही.

साहित्याबद्दल फार विचार करू नये. पिशवीत मावेल अशी ए-५ आकाराची, १२० ते १५० जीएसएम (दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाच्या) कागदाची वही, एक एचबी (मध्यम) आणि एक ४बी (मऊ, गडद) पेन्सिल एवढ्यावर वर्ष निघते. जलरंग वापरायचे असतील तर मात्र कागद जाड हवा आणि पेनची शाई पाण्याने न पसरणारी हवी. खोडरबर मी मुद्दाम घरी ठेवतो. चुकलेल्या रेषेशेजारी बरोबर रेषा काढली की आपण कुठे चुकलो ते पानावर दिसत राहते. खोडले की ती शिकवणही पुसली जाते.

सुरुवातीला एकच वस्तू आठवडाभर काढावी, असे माझे ठाम मत आहे. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना वस्तुचित्राच्या पेपरातली भांडी आठवत असतील. त्यांतला तांब्याच घ्यावा, कारण त्यात जवळजवळ सगळे शिकायला मिळते. तांब्या ओट्यावर ठेवून आपण थोडे वरून पाहतो, तेव्हा त्याचे गोल तोंड आपल्याला लंबवर्तुळ दिसते. आता तोच तांब्या उचलून काठ बरोबर डोळ्यांसमोर धरावा : लंबवर्तुळ मिटते आणि एक सरळ रेघ उरते. आणखी वर नेला की काठाची आपल्याकडची बाजू वरच्या अंगाला वळलेली दिसते. याच नियमाने, तांब्या खाली ठेवलेला असताना त्याचा तळ काठापेक्षा डोळ्यांच्या पातळीपासून अधिक दूर असतो, म्हणून तळाची कड काठापेक्षा जास्त गोलाईची काढावी लागते. आपण हमखास उलटे करतो : तांब्या टेकलेला आहे हे मनाला ठाऊक असते, म्हणून तळ सपाट काढतो आणि चित्रातला तांब्या कलंडतो. लंबवर्तुळाची दोन टोके टोकदार होऊ देऊ नयेत. तिथेही रेषा गोलच वळते.

प्रमाणासाठी हात कोपरात न वाकवता पेन्सिल समोर धरावी, एक डोळा मिटावा आणि तांब्याच्या पोटाची रुंदी त्याच्या उंचीत कितीदा बसते ते अंगठ्याने मोजावे. पितळेची चकाकी दाखवण्यासाठी वेगळे काही काढावे लागत नाही. तेवढा कागद कोरा सोडून त्याला लागून ४बीचा गडद पट्टा दिला की धातू उजळतो.

पानावर तारीख, वेळ आणि जागा लिहावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन चित्रे काढून भरपाई करू नये, कारण थकबाकी साठू लागली की वही उघडायलाच नको वाटते. अशा वेळी एकच छोटी वस्तू, किल्ली किंवा लसणाची पाकळी, काढावी आणि पुढे जावे.

प्रवासात वेळ थोडा आणि समोर पसारा मोठा असतो. तेव्हा आधी पानाच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढ्या दोन-तीन चौकटी आखून त्यांत फक्त मोठे आकार मांडून पाहावेत आणि ज्या चौकटीत देखावा नीट बसेल तीच मोठी करावी. माणसे हलतात, पण एसटीच्या थांब्यावर उभा असलेला माणूस पुन्हापुन्हा त्याच पवित्र्यात येतो. डोके, खांदे आणि वजन टाकलेला पाय एवढ्या तीन रेषा आधी घ्याव्यात.

जेजुरीला गडाच्या पायऱ्यांवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत येणार नाही अशा कडेला बसून दीपमाळ काढताना मला घरातला तांब्या उपयोगी पडला. दीपमाळ म्हणजे एकावर एक रचलेली गोल कडी आणि त्यांतून दिव्यांसाठी बाहेर आलेले दगडी हात. बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला येणारे कडे आधी शोधून ते सरळ रेघेने काढले; त्याखालची कडी खाली झुकत गेली, वरची कमानीसारखी वर वळत गेली, आणि जितकी उंच तितका त्यांचा बाक वाढत गेला. ही एक रेघ सापडली की दगडी हातही आपापल्या जागी बसतात. वरून उधळलेला भंडारा पानावर पडला होता, तो मी झटकला नाही. त्या पानावर आजही हळदीचा पिवळा डाग आहे.

जागेवर रंग भरायला वेळ नसेल तर रेखाटनातच शब्दांत नोंद करावी : ‘दगड काळा, कडेला हिरवट शेवाळ’, ‘सावली निळसर, ऊन डावीकडून’. ऊन कोणत्या बाजूचे, हे तर पहिल्याच मिनिटाला बाणाने दाखवावे, कारण अर्ध्या तासात सावल्या सरकतात आणि चित्रात दोन वेळांची उन्हे एकत्र येतात. उरलेले काम त्याच रात्री मुक्कामी स्मरणचित्रासारखे पूर्ण करावे. दोन दिवस लोटले की शब्द वाचता येतात, पण तो हिरवा नेमका कोणता होता ते आठवत नाही.