कानात किर्र वाजत असेल तर खोली चिडीचूप ठेवू नका

कानात सतत शिट्टी किंवा किर्र आवाज येत असेल, तर रात्री पंखा चालू ठेवा किंवा रेडिओ अगदी हळू लावा. भोवती जितकी शांतता, तितका तो आवाज जास्त जाणवतो. पण रेडिओ एवढा मोठाही नको की कानातलं काहीच ऐकू येऊ नये. मेंदूला त्या आवाजाची सवय व्हायची तर तो मागे थोडा ऐकू येत राहिलेला बरा.

वजन उतरलं की आवाज थांबतो, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मात्र वजन, रक्तदाब आणि घोरणं आटोक्यात आलं की झोप सुधारते, आणि झोप नीट झालेल्या दिवशी हाच आवाज कमी छळतो. साताऱ्यात असाल तर सकाळी अजिंक्यताऱ्याचा रस्ता धरा. चढावर दम लागला तरी सोबत्याशी बोलता यावं, एवढाच वेग ठेवा. हेडफोन घरीच राहू द्या; पाखरं आणि वारा पुरेसे आहेत.

गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपासून लांब राहा. कापसाच्या बोळ्यांनी भागत नाही, मेडिकलमधून फोमचे इअरप्लग आणा.

आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आणि अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी जा, उद्यावर टाकू नका.