दिवसभर घर बंद आणि घरात कुत्र्याचं लहान पिल्लू: शी-शूची सवय लावताना या चुका टाळा

सकाळी नऊला कुलूप लावून निघायचं, संध्याकाळी सातला परतायचं आणि मधले दहा तास दोन महिन्यांच्या पिल्लाने धरून ठेवायचं, ही अपेक्षाच पहिली चूक. ढोबळ हिशेब असा: पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा. जास्तीत जास्त तेवढे तास ते थांबू शकतं, म्हणजे दोन महिन्यांचं असेल तर तीन तास. खेळून-पळून दमलं असेल तर अर्धा तासही नाही. ‘रात्री पाच-सहा तास झोपतं, मग दिवसा काय होतं?’ असं बरेच जण विचारतात. झोपेत लघवी कमी तयार होते. जागेपणाचा हिशेब वेगळा.

त्यामुळे दोन गोष्टी हव्यातच: दुपारी येणारा माणूस आणि घरात शी-शूची ठरलेली जागा. कामाच्या मावशी, शेजारचे आजोबा, कॉलेजमधून लवकर परतणारा भाचा, कोणीही चालेल. साडेबारा आणि साडेतीन अशा दोन फेऱ्या झाल्या तर उत्तम. पिल्लू आणल्यावर निदान पहिला आठवडा रजा काढा. शनिवारी आणून सोमवारी ऑफिस गाठलं, तर शिकवायला उरतात दोन दिवस.

अख्खा हॉल मोकळा सोडणं

पिल्लू झोपायच्या जागी घाण करायचं टाळतं. पण हॉल मोठा, झोपायची जागा एका कोपऱ्यात आणि बाकी सगळी फरशी त्याच्या लेखी मोकळं रान. उलट टोक म्हणजे दिवसभर पिंजऱ्यात कोंडणं. तिथे त्याला नाइलाजाने अंथरुणातच करावं लागतं. एकदा त्याची सवय झाली की स्वच्छतेची ती उपजत ओढच मोडते आणि परत आणायला फार कष्ट पडतात.

मधला मार्ग म्हणजे साधारण चार बाय चार फुटांचं कुंपण. एका टोकाला अंथरूण आणि पाणी, दुसऱ्या टोकाला शू शोषून घेणारं पॅड किंवा वर्तमानपत्रं. पहिले काही दिवस अंथरूण सोडून सगळीकडे कागद पसरा. पिल्लू एकच कोपरा निवडायला लागलं की बाकीचे कागद हळूहळू काढा. कागद बदलताना शू लागलेल्या कागदाचा एक छोटा तुकडा नव्या कागदाखाली ठेवा, वासाने पिल्लू जागा ओळखतं. पायपुसणी मात्र उचला. पिल्लाच्या पायाला मऊ पॅड आणि मऊ पायपुसणं सारखंच लागतं.

पॅड फाडत असेल तर ते ताबडतोब बंद करा. आतला शोषक भाग पोटात गेला तर आतडं अडू शकतं. जाळी असलेला ट्रे घ्या किंवा चिकटपट्टीने पक्के बसवलेले कागद वापरा. पॅडच्या कडेलाच शू करत असेल तर बहुधा पॅड लहान पडतंय. पुढचे पाय पॅडवर आले की पिल्लाला वाटतं, पोचलो.

फिनेलने पुसणं

माणसाच्या नाकाला फरशी स्वच्छ, पिल्लाच्या नाकाला वास तसाच. अमोनिया असलेल्या क्लीनरला तर लघवीसारखाच वास येतो. काळं फिनेल चाटण्यात आलं तर विषारी ठरतं, आणि पिल्लू फरशी चाटतंच. आधी कागदाने दाबून शोषून घ्या, मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइमचं क्लीनर लावून डब्यावर लिहिलेला वेळ तसंच ओलं राहू द्या. नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात चालेल, पण संगमरवरावर नको, डाग पडतात. मावशींनाही हे सांगून ठेवा, नाहीतर सकाळची मेहनत दुपारच्या बादलीत जाते.

खाण्याचा नेम नसणं

दिवसभर वाटी भरून ठेवली तर शी कधी येणार याचा अंदाजच राहत नाही. तीन-चार ठरलेली जेवणं द्या आणि खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत जागेवर न्या. नऊला निघायचं असेल तर सातला जेवण, सव्वासातला पहिली फेरी, पावणेनऊला शेवटची. दूध-पोळी टाळा, अनेक पिल्लांना दूध पचत नाही आणि पातळ शी कोणीच धरून ठेवू शकत नाही. शू कमी व्हावी म्हणून पाणी मात्र तोडू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

परतल्यावर ओरडणं

दुपारी केलेल्या शीवरून संध्याकाळी नाक घासलं तर पिल्लाला एवढंच कळतं की तुम्ही आलात की मार बसतो. मग ते सोफ्यामागे लपून करतं, काही पिल्लं पुरावा खाऊनही टाकतात. तुम्हाला बघताच थेंब-थेंब शू होत असेल तर ती आनंदाने किंवा भीतीने होते. अशा वेळी पिल्लावर वाकू नका, आवाज चढवू नका. आधी जागेवर न्या, लाड नंतर.

लसींचे डोस पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, रस्त्यावरची कुत्री फिरतात त्या मातीत उतरवू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो. तोवर बाल्कनीत मातीचा ट्रे ठेवा. नंतर बाहेर नेताना लिफ्टमध्ये उचलूनच घ्या; नाहीतर निम्म्या वाटेवर शू तिथेच होते.

नीट शिकलेलं पिल्लू अचानक दर दहा मिनिटांनी थोडी-थोडी शू करायला लागलं, रक्त दिसलं किंवा लघवीचं अंग सारखं चाटत बसलं, तर शिकवणं थांबवा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.